भांडी तीन, दूषित शून्य

त्यांनी मला शेवटपर्यंत नावाने हाक मारली नाही. पहिल्या दिवशी मी आपली शहाण्यासारखी नाव सांगायला गेले, तर म्हणाले, "नाव मस्टरवर हाय. हितं तुमी कर्मचारी." मग काय, मी कर्मचारी. "कर्मचारी, ड्रमचं झाकण काढा." "कर्मचारी, फ्रिजच्या मागं बघा." चहाच्या टपरीवरसुद्धा, "एक मला, एक कर्मचाऱ्यांना." टपरीवाल्याला बरेच दिवस वाटत होतं की ते माझं आडनावच आहे. त्या माणसाला मी एक तारीख दिली होती आणि ती पाळली नाही. तेच सांगायला बसलेय, पण आधी ते कसे होते ते कळायला हवं.

आम्ही पालिकेच्या डासअळी तपासणीवर होतो. ते कायम, मी कंत्राटी. काम सांगितलं की लोक हसायचे, माझा मामेभाऊ तर अजून हसतो. घरोघर जायचं आणि साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का ते बघायचं. पिंपरी-चिंचवडला पाणी दिवसाआड, त्यामुळे ज्याच्या घरात शिरावं तिथे पिंप, ड्रम, कळश्या, बादल्या सगळं काठोकाठ. एखाद्या भांड्यात अळी सापडली की ते भांडं 'दूषित'. बघून झालं की दाराशेजारी भिंतीवर खडूने लिहायचं: तारीख, भांडी किती, दूषित किती. घर स्वच्छ निघालं तर पुढची फेरी दीड-दोन महिन्यांनी. दूषित निघालं तर आठव्या दिवशी पुन्हा भेट, आणि ती तारीखही तिथेच भिंतीवर टाकायची. कारण अंड्याचा डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात.

या 'दूषित' शब्दापायी आम्ही काय काय ऐकून घेतलंय. बायका अंगावर यायच्या. "दिवसातून दोनदा फरशी पुसते मी. माझं घर दूषित लिहिता?" डेंग्यूच्या डासाला स्वच्छ पाणीच आवडतं, हे त्या रागात कोण ऐकतंय. मी वाद घालायचे, कारण माझा स्वभावच तसा. ते मात्र हात जोडायचे. "घर न्हाई वो ताई, बादली दूषित हाय. तुमी चांगल्या हाय." आणि ती बाई स्वतः बादली उचलून अंगणात पालथी करायची.

ते खेड तालुक्यातल्या कुठल्याशा गावचे. बोलणं सगळं हाय-न्हाई, आमी-तुमी. पण खडू हातात घेतला की माणूस बदलायचा. भिंतीवर एकदम सरकारी मराठी उमटायची, काना-मात्रा जागच्या जागी. अंगात नेहमी इस्त्रीचा शर्ट. कानावर खडू, सुतार पेन्सिल ठेवतात तसा. खांद्यावरच्या पिशवीत बॅटरी, इनॅमलची पांढरी वाटी आणि पाण्याच्या बाटलीत दहा-बारा गप्पी मासे. मासे अळ्या खातात म्हणून हौदात सोडायला. बाटली ते सारखी उन्हातून सावलीत सरकवायचे आणि स्वतः उन्हात उभे राहायचे.

त्यांना कोणाचं नाव लक्षात राहत नसे. राहायचं फक्त भांडं. अख्खी गल्ली त्यांनी भांड्यांवरून ओळखली होती. निळ्या पिंपवाली, फुटक्या रांजणाची म्हातारी, मनीप्लांटच्या बाटल्यावाले साहेब, टायरवाला. एकदा बाजारात एक बाई हसून म्हणाल्या, "काय काका, ओळखलं का?" हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गच्चीवर सिंटेक्स, झाकणाला चीर." बाई खूश झाल्या, तेही खूश झाले. "झाकण बदललं का?" एवढं विचारून पुढे निघाले. कोणी भेटलं की 'कसे आहात' नाहीच. 'पाणी झाकलं का' हेच विचारायचे.

आणि अळ्यांचं पाणी ओतायची त्यांची तऱ्हा. मोरीत ओतू द्यायचे नाहीत, मोरीचं पाणी पुढे कुठे साठेल सांगता येत नाही म्हणून. बाहेर तापलेल्या फरशीवर नाहीतर मातीत ओतायचे आणि ते पूर्ण वाळेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. घड्याळात बारा वाजून गेलेत, पोटात कावळे ओरडताहेत, आणि आम्ही दोघं एका ओल्या डागाकडे बघत उभे. येणारे-जाणारे बघायचे, यांचं काय पडलंय म्हणून. "काका, चला की, मरतील त्या." "मरतील न्हाई, मेल्यात, असं म्हणता आलं पायजे." वाळलं की मान हलवायचे आणि पुढच्या घरी.

आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवायची असतात. त्याला कोरडा दिवस म्हणतात. आदल्या दिवशी ते गल्लीतून ओरडत जायचे, "उद्या कोरडा दिवस पाळा." कोपऱ्यावरची मंडळी दचकायची. "काका, उद्या ड्राय डे? कशाबद्दल राव? परवाच झाला की." हे गंभीरपणे सांगायचे, "ड्रमचा हाय. ड्रम पालथा घाला." पण तोवर एखादा सायकल काढून दुकानाकडे गेलेला असायचा. दर आठवड्याला हेच. मी हसून हसून बेजार व्हायचे, त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

मी हसत होते खरी, पण पहिल्याच महिन्यात त्यांनी मला रडवलं होतं. मोशीत एक पाच मजली इमारत होती, लिफ्ट बंद, मे महिन्यातली दुपार. खालचे मजले त्यांच्याकडे, वरचे माझ्याकडे. वर जाऊन मला बेल वाजवायचाही कंटाळा आला. झोपलेल्या बायका उठून काय बोलतात ते मला माहीत होतं. तीन दारांशेजारी मी सरळ लिहून टाकलं, भांडी पाच, दूषित शून्य. हे वर आले. भिंत वाचली. "पाच कोणती?" मग त्यांनी एकेक बेल वाजवली. तिसऱ्या घरात फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या. वाटीत घेऊन त्यांनी त्या माझ्यासमोर धरल्या. मग भिंतीकडे बोट केलं. "पुसा."

मी ओढणीचं टोक घेऊन घासायला लागले. सगळीकडे पांढरं पसरलं.

"कोरड्यानं पसरतं," ते म्हणाले. "खोटं लिवलेलं ओल्या हातानं पुसायचं." त्याच बाईकडे मला तांब्याभर पाणी मागावं लागलं. तिच्या देखत मी तिन्ही भिंती पुसल्या. जिना उतरताना ते एकच म्हणाले, "न बघितलेलं लिवायचं न्हाई." घरी जाईपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात काय नाही ते बोलले. म्हातारा खडूस, साहेबाला जाऊन सांगणार आता, महिन्यातच माझं काम सुटणार. पण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

पुढे एका बंगल्यात वेगळंच झालं. तिथल्या बाईंनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यावर त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बाकी सगळं बघा हं, पण माठाला हात नको. हे काका बघतील." असं काही झालं की माझ्या कानातून वाफा निघतात. मी तोंड उघडणार, एवढ्यात हे म्हणाले, "मला मोतीबिंदू हाय, बाई. अळी दिसत न्हाई. कर्मचारीच बघतील." आणि खाली उंबऱ्यावर बसले. बसले ते बसलेच. बाईंनी माठ बाहेर आणून देते म्हटलं, मी उद्या बघते म्हटलं, हे हलेनात. शेवटी मीच स्वयंपाकघरात गेले, माठावरची थाळी काढली, बॅटरी मारली. पाणी स्वच्छ होतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, मोतीबिंदू कधी झाला?" "न्हाई झाला." "मग खोटं बोललात." "बोललो. लिवलं कुठं?" त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला, हे कबूल करते.

मी एकदा विचारलं होतं, "काका, घरी कोण कोण असतं?" टपरीवर उभे होतो. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी टपरीवाल्याला परत दिली आणि म्हणाले, "भांडी तीन."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते चेष्टा करत नसत. एक ड्रम, एक हंडा, एक बादली. एकट्या माणसाचं घर. बायको होती की नव्हती, गेली की सोडून गेली, यावर ऑफिसात तीन-चार गोष्टी फिरत होत्या, मी कुठलीच खरी मानली नाही. आयुष्यभर ते परक्या घरांच्या स्वयंपाकघरात, मोरीत, पलंगाखाली शिरत आले. लोक दार उघडायचे, या म्हणायचे, काही जण पाणी विचारायचे. आता वाटतं, त्या बोलावण्याचीच त्यांना सवय लागली होती.

निवृत्त झाले तेव्हा ऑफिसात शाल, श्रीफळ, दोन भाषणं झाली. त्यांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, म्हणाले, "नारळ फोडला की करवंट्या पालथ्या टाका. पाणी साठतं." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी बदली दिघीच्या भागात झाली. लष्कराच्या भिंतीला लागून एक चाळ, वरच्या मजल्यावर ओळीने खोल्या, पुढे गॅलरी. एक दार वाजवलं तर हे. इस्त्रीचा शर्ट, कानावर खडू. घरात बसलेल्या माणसाच्या कानावर खडू. "या कर्मचारी," म्हणाले, "तपासा." मी तपासलं, ते बाजूला हात बांधून उभे. भांडी तीन, दूषित शून्य. घर इतकं कोरडं की बघायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी लिहिलं, निघाले. जिन्यात वळून बघितलं तर ते भिंतीवरचं माझं अक्षर बघत होते.

पुढच्या फेरीला चौथं भांडं निघालं. गॅलरीत चपलांच्या मागे लोणच्याची जुनी बरणी, पाण्याने भरलेली, आत अळ्या. मी म्हटलं, वय झालं, नजर चुकली असेल. ओतलं, लिहिलं: भांडी चार, दूषित एक, पुन्हा भेट, आठव्या दिवसाची तारीख. आठव्या दिवशी गेले तर बरणी परत भरलेली, परत अळ्या. मला संकोच वाटला. ओतलं, लिहिलं, निघाले. आणखी आठ दिवसांनी तिसऱ्यांदा तेच. या वेळी मी नीट बघितलं. बरणी बरोबर सावलीत ठेवलेली. आत पिंपळाचं एक सुकं पान, अळीला खायला मिळावं म्हणून. तोंडाला बांधायची जुन्या बनियनची फडकी शेजारीच घडी करून ठेवलेली. या कामातल्या माणसाशिवाय हे कोणाला सुचणार नाही.

माझी तार सटकली. शेजारच्या खोलीत चार महिन्यांचं बाळ होतं. "काका, लाज नाही वाटत? बाळ आहे शेजारी. तुम्हाला कळत नाही असंही नाही."

"एकबी उडू दिला न्हाई," ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ बघतो. फडकं काढून मघाशी ठेवलं, तुमी यायच्या म्हणून. न्हाई आल्या असत्या तर दुपारी ओतणार व्हतो."

"मग भरायचीच कशाला?"

ते माझ्याकडे बघेनात. भिंतीकडे बघून म्हणाले, "दूषित घराला आठव्या दिवशी भेट द्यायचीच असती. नियम हाय."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या घरातल्या अळ्या मारल्या, त्याने दारात माणूस यावं म्हणून अळ्या पाळल्या होत्या. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. मी बरणी उचलली, खाली अंगणात नेऊन तापलेल्या फरशीवर ओतली. ते मागून उतरले. आम्ही दोघं वाळेपर्यंत उभे राहिलो. नेहमीसारखेच.

मग वर जाऊन मी लिहिलं: भांडी तीन, दूषित शून्य. बरणी माझ्या पिशवीत टाकली होती, ती त्यांना परत मिळणार नव्हती. त्यापुढे लिहायला लागले: पुन्हा भेट.

"शून्याला पुन्हा भेट बसत न्हाई," ते म्हणाले.

"मी बसवतेय."

"लिवलं म्हंजे यावं लागंल."

"येईन."

"मंग लिवा."

त्यानंतर मी दर गुरुवारी जायचे. काम संपवून, पंधरा-वीस मिनिटं. आधी तिन्ही भांडी तपासायची, त्याशिवाय चहा नाही. मग ते घरांची चौकशी करायचे. निळ्या पिंपवालीची सून बाळंत झाली का, फुटका रांजण म्हातारीने टाकला का. आपल्याबद्दल एक शब्द नाही. एकदाच म्हणाले, "आठ दिवस लई असतात, कर्मचारी. तेवढ्यात अळीचा डास व्हतो. हितं काय बी व्हत न्हाई." मी उठले की कानावरचा खडू काढून माझ्या हातात द्यायचे आणि मी तारीख लिहीपर्यंत शेजारी उभे राहायचे.

मग माझं कंत्राट संपलं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागले. शेवटच्या गुरुवारी त्यांना सांगितलं. "कायम का कंत्राटी?" "कंत्राटीच." "बरं." मी म्हटलं, आता गुरुवार जमणार नाही, पण रविवारी नक्की येईन. पुढच्या रविवारची तारीख भिंतीवर लिहिली. लिहिताना मला खात्री होती.

त्या रविवारी ओव्हरटाइम लागला. पुढच्या रविवारी नाइट शिफ्ट करून आले आणि झोपले ती संध्याकाळी उठले. त्याच्या पुढच्या रविवारी लातूरला लग्न. दोनदा फोन केला, उचलला नाही. ते फोन उचलतच नसत, "फोनवर पाणी दिसत न्हाई" म्हणायचे. कंपनीची बस रोज भोसरीच्या चौकातून जायची. तिथून दिघी किती, दहा मिनिटं. मी खिडकीला डोकं टेकून झोपलेली असायचे. आणि खरं सांगायचं तर जितके दिवस गेले तितकी जायची लाज वाटायला लागली. असे तीन-साडेतीन महिने गेले.

शेवटी गेले त्या रविवारी खोलीला कुलूप होतं. खालून घरमालकीण आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कर्मचारी का?"

मी हो म्हटलं.

"काका गेले की हो. तीन आठवडे झाले. सकाळी दूध घ्यायला आले नाहीत, तेव्हा आम्ही दार ढकललं. पुतण्या आला होता राजगुरुनगरहून, तो घेऊन गेला." मग भिंतीकडे हात करून म्हणाल्या, "आता नवीन भाडेकरू येतोय, रंग द्यायचाय. काका जिवंत असताना दोनदा म्हटलं, हे पुसू का? तर नको म्हणायचे. कर्मचारी येऊन बघतील म्हणायचे."

मी बघितलं. माझी शेवटची ओळ जिथल्या तिथे होती. तारीख, भांडी तीन, दूषित शून्य, पुन्हा भेट, आणि रविवारची तारीख. तिच्याखाली त्यांचं अक्षर सुरू होत होतं. तोच रविवार. "कर्मचारी आल्या नाहीत. भांडी तीन, दूषित शून्य." खाली आठ दिवसांनंतरची तारीख. "कर्मचारी आल्या नाहीत. भांडी तीन, दूषित शून्य." अशा अकरा ओळी, काना-मात्रा जागच्या जागी. शेवटच्या दोन थोड्या वाकड्या होत्या. मी यावं म्हणून त्यांनी परत बरणी भरली नाही. मी येईन म्हटलं होतं म्हणून नुसते थांबले, आणि जे झालं तेवढंच लिहीत गेले. 'पुन्हा भेट' मात्र त्यांच्या एकाही ओळीत नव्हतं. ते लिहिणं त्यांच्या हातात नव्हतं, माझ्या होतं.

मी खाली उतरले. मालकीणबाईंच्या दारात ड्रम होता. झाकण काढलं, सवयीने आत बघितलं, पाणी स्वच्छ होतं. त्यात उजवा हात बुडवला आणि तसाच ओला वर घेऊन आले. माझ्या ओळीतलं 'पुन्हा भेट' आणि पुढची तारीख पुसली.

"सगळंच पुसा की," मालकीणबाई म्हणाल्या, "रंगच द्यायचाय."

"बाकीचं खरं आहे," मी म्हटलं.

भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग पडला होता. तो वाळेपर्यंत मी तिथे उभी राहिले.